अम्माचा अंगठा, नान्नांचा कान

रेशन दुकानातल्या त्या वीतभर मशीननं अम्माचा अंगठा पहिल्यांदा ओळखला, तेव्हा तिच्यापेक्षा दुकानदारच जास्त खूश झाला. "काकू, बसला की ओ अंगठा!" असं तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. अम्मानं मशीनकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढं केली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आलं गं माझं बोट परत."

त्याआधीची काही वर्षं हे बोट हरवलेलं होतं. दर महिन्याला तेच. अंगठा पदराला पुसायचा, दुकानदाराच्या फडक्याला पुसायचा, साबणानं धुऊन परत यायचं, कुणी सांगितलं म्हणून खोबरेल चोळायचं. मशीन लाल दिवा दाखवायचं. मग भाऊ कामावरून वेळ काढून जायचा आणि त्याच्या अंगठ्यावर घरचे गहू यायचे. अम्माला गव्हांपेक्षा त्या लाल दिव्याचा राग होता.

अम्मा अकरा वर्षांची असताना विड्या करायला बसली. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा यात विशेष काही नव्हतं. बायका विड्या करायच्या, पुरुष मागावर जायचे, आणि पोरं शाळेतून आली की कांड्या भरत नाही तर पानं निवडत बसायची. मांडीवर सूप, सुपात ओलसर केलेली तेंदूची पानं, एका कडेला तंबाखू, हातात कात्री आणि माप म्हणून पत्र्याचा तुकडा. पान कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं, तोंड मोडायचं, दोरा गुंडाळायचा. हिशेब हजारावर. उमेदीच्या काळात ती दिवसाला हजार करायची आणि शेजारणीशी बोलणं, भांडणं, आमचे पाढे घेणं, टीव्ही, सगळं त्या हजारात बसवायची. कोरडं पान आणि तंबाखूची पूड बोटांच्या टोकांवर रोज हजारदा घासली जात होती. रेषा झिजल्या त्या अशा. आमच्या गल्लीत असे बिनरेषांचे अंगठे दर दोन घरांआड सापडतील.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, डोळ्यात तंबाखूची धूळ नको म्हणून आम्ही सूप माळ्यावर टाकलं, आणि सहा-सात महिन्यांनी हा प्रकार.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे अम्मानं "हे कसं झालं?" असं विचारल्यावर उत्तर द्यायची जबाबदारी माझीच होती. तिला मी चादरीचं उदाहरण दिलं. सोलापुरी चादरीवर मोर असतो तो कापडात नसतो, तो मागावरच्या जकार्ड नावाच्या नक्षीयंत्रावर टांगलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असतो. चादर वापरून वापरून विटली, मोर दिसेनासा झाला, तरी पुठ्ठे शाबूत असतील तर पुन्हा तोच मोर विणता येतो. बोटाच्या रेषांचे पुठ्ठे कातडीच्या खालच्या थरात असतात, जिथं वरची त्वचा आतल्या त्वचेला घट्ट धरून असते तिथल्या वळ्यांमध्ये. ही नक्षी आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ठरते. विड्यांनी झिजवलं ते वरचं कापड.

आणि हे कापड सतत विणलं जात असतं. त्वचेच्या तळाच्या थरात पेशी विभागतात, नवी पेशी जुनीला वर ढकलते, वर जाता जाता ती केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरत जाते, आपलं केंद्रक मोडून टाकते, चपटी होते आणि मरते. मेल्यावरच ती कामाची होते. अंगावर जे दिसतं, ज्याला आपण पावडर लावतो, ते सगळं मेलेल्या पेशींचं कवच आहे, एकावर एक रचलेले पंधरा-वीस पापुद्रे. तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. म्हणजे अम्मा विड्या करत होती तेव्हाही तिची त्वचा नवी होतच होती. पण झिजायचा वेग विणायच्या वेगाच्या पुढे होता. सूप माळ्यावर गेल्यावर मागाला श्वास मिळाला एवढंच.

"म्हणजे माझं काही गेलंच नव्हतं," अम्मा म्हणाली. नव्हतं.

*

कामावर मला रोज जे दिसतं त्यात मरण्याचा हिशेब फार चोख असतो. रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा, वाळू द्यायचा, लिशमनचा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गुलाबी तबकड्यांचा सडा पडलेला दिसतो. या तांबड्या पेशी. एका घन मिलिमीटर रक्तात ४५-५० लाख. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. हाडातल्या मगजातून बाहेर पडायच्या आधीच ती ते टाकून देते, म्हणजे प्राणवायू वाहायला तेवढी जागा जास्त. पण केंद्रक टाकलं म्हणजे स्वतःची दुरुस्ती करायची सोयही टाकली. मग १२० दिवस, साधारण चार महिने, जेवढं चालेल तेवढं चालायचं.

याचा एक पडताळा मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळाला आणि अजून त्याची मजा वाटते. नुकत्याच बाहेर आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींत थोडा निळसर जाळीदार अवशेष उरलेला असतो, वेगळा रंग घातला की दिसतो. त्यांना आम्ही 'रेटिक' म्हणतो. हजार पेशी मोजायच्या, त्यात रेटिक किती ते बघायचं. निरोगी माणसात दहाच्या आसपास निघतात, म्हणजे शेकडा एक. आता गणित करा: आयुष्य १२० दिवसांचं असेल तर रोज १२० पैकी एक मरणार आणि तिच्या जागी एक यायला हवी. कोवळेपण रक्तात दिवसभर टिकतं. शंभरात जवळपास एक! पुस्तकातलं वाक्य माझ्या बोटाखालच्या काउंटरवर टकटक करत जुळलं होतं. त्या दिवशी चहा मी पाजला.

एकूण शरीराचा हिशेब २०२१ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी मांडला. माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी, त्यांतल्या सुमारे ३३ हजार कोटी रोज बदलल्या जातात. बदलणाऱ्यांत बहुतेक सगळ्या रक्ताच्या, उरलेल्यांत मोठा वाटा आतड्याच्या अस्तराचा, ते तीन ते पाच दिवसांत नवं होतं. वजनात ही उलाढाल रोजची ८० ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानात ८० ग्रॅम शेंगा चटणी मागितली तर दुकानदार "पाव किलो तरी घ्या" म्हणेल. पण रोज, आणि न चुकता.

म्हातारी झालेली तांबडी पेशी मरते कुठं, तर पुष्कळदा पांथरीत, म्हणजे प्लीहेत. पांथरीच्या चाळणीतल्या फटी पेशीपेक्षा अरुंद असतात. तरणी पेशी अंग चोरून, वाकून निघून जाते. जुनी ताठरलेली असते, ती अडकते, आणि तिथं बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. मग मोडणी सुरू होते. हिमोग्लोबिनमधलं लोह वेगळं काढून मगजाकडे परत पाठवतात, नव्या पेशींसाठी. रोज असं २०-२५ मिलिग्रॅम लोह घरातल्या घरात फिरतं. जेवणातून नवं येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. रंगद्रव्य उरतं त्याचं आधी हिरवं, मग पिवळं होतं आणि पित्तातून बाहेर जातं.

हा हिरवा-पिवळा प्रकार मी शाळेत असतानाच पाहिला होता, नाव माहीत नव्हतं. नान्नांच्या मागाचा धोटा एकदा उडाला आणि त्यांच्या दंडावर बसला. (वडलांना आम्ही नान्ना म्हणतो. घरात तेलुगू, गल्लीत दोन्ही, शाळेत मराठी. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांचं असंच असतं.) धोटा म्हणजे टोकांना लोखंड बसवलेलं लाकूड, यंत्रमागावरून सुटलं की गोळीसारखं येतं. पहिल्या दिवशी दंड काळानिळा होता. मी रोज संध्याकाळी बाही वर करून बघायचे. चार-पाच दिवसांनी कडेनं हिरवट झाला, मग पिवळा, मग गेला. कातडीखाली सांडलेलं रक्त जागच्या जागी मोडलं जात होतं आणि मी ते खिडकीतून बघावं तसं बघत होते. नान्ना म्हणायचे, "पोपट झाला, आता हळद झाली."

नान्नांचा माग मात्र भंगारात गेला. मालकानं शेड विकली तेव्हा माग कोण घेणार? भंगारवाला आला, दोन पोरं, घण आणि पाने घेऊन. नान्ना बघायला गेले होते, मीही गेले. ओतीव चौकटी एकीकडे, दांडे एकीकडे, पितळेचे तुकडे वेगळे, मोटार आधीच कुणी नेलेली. सगळं काट्यावर. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यासमोर माणूस उभा होता, ते अर्ध्या दिवसात किलोवर आलं. नान्ना म्हणाले, "नीट खोललं पोरांनी. काही फोडलं नाही." मला तेव्हा राग आला होता त्यांच्या या कौतुकाचा. फोडणं आणि खोलणं यात कारागिराला फरक दिसतो, मला लॅबमध्ये असूनही तो उशिरा दिसला.

*

पेशी मुख्यतः दोन तऱ्हांनी मरतात. भाजलं, ठेचलं, रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगून फुटते, आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगणात सांडतं, तिथं लाली येते, सूज येते, ठणका लागतो. हे फोडणं. दुसऱ्या तऱ्हेत पेशी आकसते, आपले धागेदोरे आतल्या आत कापते, डीएनएचे ठरावीक तुकडे पाडते, स्वतःच्याच पाकिटांत स्वतःला भरते आणि पाकिटांच्या बाहेरच्या बाजूला एक मेदाचा रेणू आणून ठेवते, जो एरवी आतल्या बाजूला असतो. शेजाऱ्यांना ती खूण पुरते. ते पाकीट गिळून टाकतात. सांडलवंड नाही, सूज नाही, कुणाला पत्ता नाही. हे खोलणं.

सूक्ष्मदर्शकाखाली असं आकसून मरणं लोकांनी आधीही पाहिलं होतं, पण १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी एका ब्रिटिश कर्करोग-नियतकालिकात लेख लिहून त्याला नाव दिलं: ॲपॉप्टोसिस. हा शब्द त्यांना ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवला. अर्थ, झाडावरून पान गळणं, फुलावरून पाकळी गळणं. आपल्याकडे याला सरळ पानगळ म्हणता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरच्या रस्त्यांवर कडुनिंब पिवळा होऊन झडतो, कुणी त्याला आजारी म्हणत नाही.

आमच्याकडे १९७२ म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवतं. नान्ना तेव्हा एकवीस वर्षांचे. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती, आणि ॲबर्डीनमध्ये तीन माणसं पेशींच्या पानगळीवर लिहीत होती. दोन गोष्टींचा संबंध काही नाही. एकाच वर्षात असतात, एवढंच.

पण दुष्काळावरून आठवलं. पेशीवर उपासमार आली तर ती लगेच मरत नाही. आधी घरातलंच मोडून खाते: जुनी, बिघडलेली प्रथिनं, निकामी भाग एका पिशवीत घेऊन विरघळवते आणि त्यावर दिवस काढते. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी हे उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये पाहिलं आणि त्यासाठी त्यांना २०१६चं नोबेल मिळालं. माझ्या आजीनं बाहत्तरात आधी पितळी घंगाळ मोडलं होतं, मग पाटल्या. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या वेळेवर मरण्यानंच आपला आकार होतो. गर्भातला हात आधी वल्ह्यासारखा असतो, बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. अम्माची विडी वळणारी बोटं, नान्नांची तुटलेला धागा डोळे मिटून गाठणारी बोटं, दोन्ही आधी मरणानं कोरून दिलेली. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर किडा आहे. त्याच्या अंगात वाढीच्या काळात १०९० पेशी होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक किड्यात त्याच १३१. हे मोजत बसणाऱ्यांना २००२चं नोबेल दिलं.

आणि जी मरायचं नाकारते ती? ते सांगायला लॅबवालीची गरज नाही. काचेवर पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते, सगळ्या कोवळ्या, सगळ्या सारख्या, आणि फोन उचलून डॉक्टरांना कळवावं लागतं. त्या रिपोर्टवर सही करताना माझा हात अजूनही एक क्षण थांबतो.

आम्ही पद्मशाली मार्कंडेय ऋषींचे वंशज समजले जातो. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयांचा रथ निघतो. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: मार्कंडेयाचं आयुष्य सोळाच वर्षांचं, सोळावं संपताना यम आला, पोरानं शिवलिंगाला मिठी मारली, फास लिंगावर पडला, शंकर प्रकटले आणि यम परत गेला. मार्कंडेय कायमचा सोळा वर्षांचा. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून पेशी घेतल्या, तिला न विचारता. बाई त्याच वर्षी गेली. पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत विभागतायत, कारण त्यांच्या गुणसूत्रांची टोकं झिजत नाहीत, पुन्हा पुन्हा बांधली जातात. साध्या पेशीची टोकं प्रत्येक विभागणीला थोडी झिजतात आणि ४०-६० विभागण्यांनंतर ती थांबते. ही थांबायची मर्यादा हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली दाखवली, टोकांचं झिजणं नंतर कळलं. लॅक्सबाईंच्या पेशींचा यम परत गेला तो गेलाच. देवाच्या गोष्टीला असली जोड देऊ नये, अम्माच्या कानावर गेलं तर रथाच्या दिवशी मला जेवायला मिळणार नाही.

*

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण माझा चुलतभाऊ. त्यानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या फोटोसकट एक संदेश टाकला: दर सात वर्षांनी आपलं संपूर्ण शरीर नवं होतं, मग जुनी दुखणी कशाला धरून बसायची? खाली पस्तीस हात जोडलेले. मी लिहिलं, हे खरं नाही. त्यानं लिहिलं, "काय बे ताई, सकाळी सकाळी."

खरं कसं नाही, हे शोधून काढायची युक्ती मला इतकी आवडते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या केल्या की हवेतला कार्बन-१४ (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ला बंदीचा करार झाला, मग हा कार्बन वर्षागणिक उतरत गेला. झाडं हवेतला कार्बन घेतात, आपण झाडं खातो, आणि पेशी जन्मताना तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेचा कार्बन बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर तारखेचा शिक्का. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि कर्स्टी स्पाल्डिंग यांनी हा शिक्का वाचला. २००५ साली त्यांनी दाखवलं की मेंदूच्या बाह्यभागातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात. पुढे कळलं की चरबीच्या पेशी वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास बदलतात, आणि हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का, पंचाहत्तरीत अर्ध्याहून कमी. पुरं आयुष्य जगलं तरी हृदयाच्या अर्ध्याहून जास्त स्नायूपेशी जन्माच्या वेळच्याच.

दातांचं कवच तर एकदा झालं की झालं. नान्नांचा जन्म १९५१चा. अक्कलदाढेचं कवच बारा-पंधराव्या वर्षी तयार होतं, म्हणजे बॉम्बचा कार्बन हवेत सगळ्यांत जास्त होता नेमका तेव्हा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीनं ती हवा घेतली, त्या ज्वारीची कडक भाकरी नान्नांनी शेंगा चटणीशी खाल्ली, आणि आर्क्टिक नि पॅसिफिकमधल्या स्फोटांची नोंद साखर पेठेतल्या एका विणकराच्या दाढेत होऊन बसली. ती दाढ अजून जागेवर आहे. दुखत नाही म्हणतात.

अम्माचा मोतीबिंदूही यातलाच. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीचा असतो. त्यातल्या तंतूंना केंद्रक नाही, रक्तवाहिनी नाही, त्यांतली प्रथिनं आयुष्यभर तीच. सत्तर वर्षांचा उजेड त्यांतून जातो, ती गढुळतात. पण भिंगाचं काम पारदर्शक असण्याचं. ते काढून प्लास्टिकचं घालता येतं. दुसऱ्या दिवशी अम्मानं घरातल्या सगळ्या जळमटांचा समाचार घेतला.

कानाचं तसं नाही.

नान्नांना कमी ऐकू येतं, हे आम्हाला कधी कळलं ते सांगता येत नाही, कारण ते आमच्या बोलण्याकडे नेहमीच तोंडाकडे बघून लक्ष द्यायचे. शेडमध्ये काम करणारे सगळेच असे बघतात. बारा माग चालू असताना शेजारच्याला ओरडून काही सांगता येत नाही, ओठ आणि हात वापरतात. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा, आणि धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, हे मला नंतर कळलं. भोवती सुताचे डोंगर, आणि कानात एक बोळा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बोळा घातला तर माग कसा ऐकू येणार?" धागा तुटला, धोटा अडखळला, पट्टा सैल झाला, हे विणकराला आधी कानानं कळतं. कान वाचवायला कान बंद करायचा, तर काम कशानं करायचं?

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, तिच्यात रोमपेशी. एका कानात सुमारे पंधरा हजार. प्रत्येकीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म रोमांचा झुबका. आवाजाच्या लाटेनं तो वाकतो आणि मेंदूकडे संदेश जातो. फार जोराची लाट, फार वर्षं, की झुबके मोडतात, पेशीच्या आत घातक रसायनं साचतात आणि ती मरते, पुष्कळदा त्याच शिस्तशीर पानगळीनं. खोलून, आवरून, शेजाऱ्यांना त्रास न देता. फक्त तिच्या जागी कुणी येत नाही. जन्माआधी मिळाल्या तेवढ्याच.

आणि आधी जातात त्या उंच सुरांच्या. नान्नांच्या तपासणीचा आलेख मला दाखवला तेव्हा ४००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली होती. त्या पट्टीत काय असतं? बाराखडीतले स, श, त. कुकरची शिट्टी. माझ्या मुलीचा लहानपणचा आवाज. घोगऱ्या आवाजाच्या मामांशी ते तासन् तास बोलायचे आणि नातीला "एंदि? एंदि?" करायचे. एंदि म्हणजे काय गं, काय म्हणालीस. मुलीला वाटायचं, आजोबांना मी आवडत नाही.

सोलापुरातून चिमण्या गेल्या असं नान्ना बरीच वर्षं म्हणायचे. मोबाइलच्या टॉवरमुळे गेल्या, असं वर्तमानपत्राचा हवाला देऊन सांगायचे. आमच्या मागच्या भिंतीवर रोज सकाळी चिमण्या असायच्या.

श्रवणयंत्र आणलं. यंत्र उरलेल्या पेशींना मोठ्यानं सांगतं, गेलेल्यांना बोलावू शकत नाही. नान्नांचं म्हणणं, त्यानं पंखा आणि रस्ता मोठा होतो, माणसं होत नाहीत. त्यामुळे यंत्र बहुतेक वेळ बंडीच्या खिशात असतं.

पक्ष्यांचं मात्र वेगळं आहे. १९८८ साली 'सायन्स'मध्ये दोन शोधनिबंध आले: मोठ्या आवाजानं रोमपेशी मेल्यावर कोंबडीच्या पिलांत आणि लावा पक्ष्यांत त्या पुन्हा उगवल्या. शेजारच्या आधारपेशी विभागल्या आणि रिकाम्या जागी नव्या रोमपेशी आल्या. आपल्यालाही त्या आधारपेशी असतात. त्या तिथं बसून असतात, विभागत नाहीत. हे मी नान्नांना समोर बसून, ओठ नीट हलवून, दोनदा सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नान्नजच्या माळावरचा लावा सुखी." जरा थांबून: "कोंबडीचा काय उपयोग? सोलापुरात ती ऐकायला राहते किती दिवस?"

*

नान्नांना साखर आहे. दर काही महिन्यांनी मीच त्यांचं रक्त काढते, दुसऱ्या कुणाला ते हात देत नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते तिच्या मुळाशी तांबड्या पेशीचं तेच १२० दिवसांचं आयुष्य आहे. रक्तात साखर असेल तशी ती हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी म्हणजे चालतीबोलती वही. गेल्या वेळी रिपोर्ट ८.४ आला. नान्ना म्हणाले, मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, जानेवारीत गड्ड्याची जत्रा होती, होम मैदानावर पाच दिवस कुणाबरोबर फिरत होता आणि संक्रांतीच्या शेंगापोळ्या किती झाल्या, हे सगळं यात आहे.

मग मला त्यांना १२० दिवस समजावून सांगायची दुर्बुद्धी झाली. त्यांनी कालनिर्णय मागवला. विणकराला मोजायची सवय असते. संक्रांतीच्या पेशी मेच्या मध्याला संपतात, बरोबर? बरोबर. मग मेमध्ये तपासू. पण मार्चमध्ये पुरणपोळी आहे. मग जुलैमध्ये. पण तोवर आंबे झालेले असतील. ऑगस्ट? पौर्णिमेला रथ, घरात गोड. नंतर गणपती, मग दिवाळी, आणि परत जानेवारी. त्यांनी पानं पुढेमागे केली, बोटावर दिवस मोजले, एकदा चष्मा पुसला. वर्षात एकही तारीख निर्दोष निघेना.

"मग उद्याच करू," मी म्हटलं. "सकाळी, उपाशीपोटी. बाकीच्या तपासण्याही होतील."

"एंदि?" नान्ना म्हणाले.

यंत्र कानातच होतं.